गाडी राहते, कागद जातो: जुन्या मोटारींच्या तांत्रिक दप्तराला घर कोण देणार?

१/
बीड जिल्ह्यातील धर्मापुरी हे गाव इतिहासप्रेमींना दोन गोष्टींमुळे ठाऊक असते: चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिर आणि गावचा किल्ला. किल्ल्याच्या बांधकामात जुन्या देवळांचे कोरीव दगड वापरलेले दिसतात. कुठल्या तरी मंडपाचा तुकडा तटात बसला. त्याचा संदर्भ हरवला, पण दगड उरला. अभ्यासक आजही त्याच्यापुढे उभा राहून त्याचा काळ ठरवू शकतो. कागदाच्या नशिबी हे नाही. कागदाचा पुनर्वापर म्हणजे शेंगदाण्याचा पुडा, आणि पुड्याचा काळ कोणी ठरवत नाही.

२/
हा थ्रेड अशाच एका कागदाविषयी आहे, जो इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच येतो: जुन्या मोटारींची तांत्रिक कागदपत्रे. विंटेज गाड्यांची मिरवणूक निघाली की रस्ता दुतर्फा भरतो, छायाचित्रे निघतात. त्या गाडीच्या इंजिनातील झडपांमध्ये किती अंतर ठेवायचे, हे सांगणारी पुस्तिका मात्र कोणाच्या माळ्यावर आहे, याची चौकशी होत नाही. ती पुस्तिका कुठे राहावी, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ आहे. उलगडू लागला की तो थेट ‘इतिहास कोणाचा’ या प्रश्नापाशी जाऊन थांबतो.

३/
समजा, धर्मापुरीसारख्या एखाद्या गावात जुना वाडा उतरवला जात आहे. माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली येते. घरातील आजोबा कधी काळी मोटार मिस्त्री होते. पेटीत काय निघू शकेल? चालकासाठीची हातपुस्तिका. कारखान्याने गॅरेजांसाठी छापलेली दुरुस्तीची जाड पुस्तिका, म्हणजे वर्कशॉप मॅन्युअल. सुट्या भागांची सूची. विजेच्या तारांचा घडीचा नकाशा. कुठे कोणते वंगण घालायचे याचा तक्ता. कंपनीने वेळोवेळी पाठवलेली सुधारणापत्रके. आणि या सगळ्यांच्या तळाशी मिस्त्रीची स्वतःची वही.

४/
यातील प्रत्येक कागद वेगळे बोलतो. हातपुस्तिका मालकाला उद्देशून असते. गाडी कशी वागवावी, हे ती सांगते. दुरुस्तीची पुस्तिका कारागिरासाठी असते. गाडी कशी उघडावी आणि पुन्हा कशी मिटवावी, हे तिच्यात असते. भागांची सूची सर्वांत रूक्ष, पण संशोधकासाठी बहुधा सर्वांत मोलाची. प्रत्येक भागाला क्रमांक असतो. भाग बदलला की क्रमांक बदलतो. कोणत्या चासी क्रमांकापासून कोणता बदल झाला, याची नोंद तिथे सापडते. दोनशे वर्षांपूर्वीच्या पत्रावरची तिथी जसा काळ सांगते, तसाच हा क्रमांक यंत्राचा काळ सांगतो.

५/
आता या पेटीचा भूगोल पाहू. बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे इथल्या मोटारींचा पहिला इतिहास मुंबईपेक्षा हैदराबादेशी अधिक बांधलेला आहे. निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये रस्ता वाहतुकीचा विभाग सुरू केला, तेव्हा त्याच्याकडे २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी होते. ब्रिटनमधील अल्बियन कंपनीच्या बसगाड्या हैदराबादच्या रस्त्यांवर त्याच काळात दिसू लागल्या. स्कॉटलंडमध्ये तयार झालेले यंत्र दख्खनच्या धुळीत चालवायचे, तर त्याची पुस्तिका वाचणारा कोणीतरी इथे हवाच होता.

६/
इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिली ठेच लागते ती भाषेची. संस्थानाच्या कारभाराची भाषा उर्दू होती. गाडीची पुस्तिका इंग्रजीत, तिच्याशी संबंधित सरकारी कागद उर्दूत आणि मिस्त्रीची टिपणे मराठीत किंवा मोडीत, असे एकाच पेटीत आढळणे स्वाभाविक आहे. घरातल्या कोणाला तिन्ही वाचता येत नसतील, तर निम्मी पेटी ‘न कळणारा कागद’ म्हणून आधीच बाजूला पडते. रद्दीत जाणाऱ्या गठ्ठ्यात पहिला नंबर नेहमी न कळणाऱ्या कागदाचा असतो.

७/
दुसरी ठेच तारखेची. संस्थानात फसली सन चालत असे. आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास, हे वर्ष सुरू होई. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो. कागदावर १३४० फसली असेल, तर तो १९३०-३१ मधील. आजूर, दै, बहमन, इस्फंदार अशी महिन्यांची इराणी नावे पाहून अनेक जण तो कागद धार्मिक समजतात. प्रत्यक्षात ती टायरची पावतीही असू शकते. रकमेपुढे ‘हाली’ लिहिले असेल, तर तो संस्थानाचा रुपया. ‘कलदार’ असेल, तर ब्रिटिश हिंदुस्थानचा. दोन्हींचे मोल सारखे नव्हते, हाली उतरता होता. एवढे ठाऊक नसेल, तर किमतींचे सारे हिशेब चुकतात.

८/
आता दुसरा धागा, मुंबईचा. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला. त्यानंतर काही वर्षांतच फोर्डही मुंबईत आली. भाग परदेशातून पेट्यांत येत आणि इथे जोडले जात. वालचंद हिराचंद यांना मात्र गाडी जुळवण्यावर थांबायचे नव्हते. ती इथेच घडावी, असा त्यांचा ध्यास होता. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली आणि क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि फियाट ११०० ही गाडी १९७० च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून घराघरांत पोहोचली.

९/
एका पद्मिनीच्या मागे कागदांची केवढी परंपरा आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मूळ आराखडे इटलीचे. पुस्तिका इंग्रजी. कुर्ल्यात भाग देशी होत गेले, तशी सूची बदलत गेली. आणि शेवटी दादर, परळी किंवा लातूरच्या गॅरेजात तिचे ज्ञान मराठी-हिंदी बोलीत उतरले. फियाटने तुरीनमध्ये १९६३ पासून स्वतःचे इतिहास-केंद्र चालवले आहे. मूळ गाडीचा अभ्यास तिथे होऊ शकतो. पण परळीच्या मिस्त्रीने कुठल्या गाडीचा कुठला भाग घासून पद्मिनीला बसवला, हे तुरीनला कसे कळावे? ते फक्त इथल्या वहीत असते.

१०/
तिसरा धागा आपल्या एसटीचा. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस धावली. लाकडी सांगाडा, वर कापडी छत, काथ्याची आसने आणि ३० प्रवासी. सुरुवातीच्या ताफ्यात शेवरोलेट, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट अशा दहा बनावटींच्या गाड्या होत्या. ही यादी वाचताना कौतुक वाटते. आगाराच्या भांडारपालाच्या जागी उभे राहून वाचली, तर धडकी भरते.

११/
दहा बनावटी म्हणजे भागांच्या दहा सूच्या, दुरुस्तीच्या दहा पुस्तिका, आट्यांची निरनिराळी मापे, पान्यांचे निरनिराळे संच. अमेरिकी गाडीचा बोल्ट ब्रिटिश गाडीला बसेलच असे नाही. एका गाडीसाठी मागवलेले गॅस्केट दुसऱ्या दहा गाड्यांच्या उपयोगाचे नाही. पुढे ताफा लेलँड आणि टेल्को अशा मोजक्या बनावटींवर आणला गेला, त्यामागची निकड या कागदांच्या ओझ्यातून जितकी स्पष्ट दिसते, तितकी अहवालातील परिच्छेदातून दिसत नाही. तांत्रिक दस्तऐवज इतिहासाचे साधन ठरतो तो असा: निर्णय का झाला, हे तो कामाच्या पातळीवरून दाखवतो.

१२/
युद्धकाळाचा कागदही असाच बोलका. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले, कुपने आली. कोळशापासून गॅस तयार करून त्यावर गाडी चालवण्याची यंत्रे बसगाड्यांच्या मागे बसवली गेली. ती कशी बसवायची, राख केव्हा काढायची, चढावर गाडी का दमते, हे सांगणारी पत्रके त्या वेळी छापली गेली. युद्ध संपले, पेट्रोल आले, यंत्रे भंगारात गेली, पत्रके त्यांच्यामागे गेली. ज्या वस्तूची गरज संपते तिचा कागद सर्वांत आधी मरतो. म्हणूनच असा एखादा उरलेला कागद सर्वांत दुर्मीळ असतो.

१३/
आता वळू या मूळ प्रश्नाकडे. पेटी उघडली, मोल कळले, पुढे काय?

महाराष्ट्राला या प्रश्नाचा एक थोर वारसा आहे. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरे शोधत होते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले; राजवाड्यांच्या मृत्यूनंतर, १९२७ मध्ये, धुळ्याला त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. ज्या कागदांना घरात वाळवी खात होती, त्यांना संस्थेचे घर मिळाले. आज मराठ्यांच्या इतिहासाविषयी जे खात्रीने बोलता येते, त्यातील मोठा भाग या घरांमुळे.

१४/
राजवाड्यांपुढचा अडसर आजही तसाच आहे, फक्त त्याचा पोशाख बदलला. तेव्हा घराण्यांना भीती वाटे की कागद बाहेर गेला, तर इनामाचा हक्क जाईल. आज भीती वाटते की फुकट दिला आणि तो लाखाचा निघाला तर? दोन्ही भीतींचा परिणाम एकच: कागद बंद पेटीत राहतो आणि निर्णय वाळवी घेते.

१५/
आणि आज खरोखरच पैशाचा प्रश्न आहे. ‘विंटेज’ हा शब्द मुळात द्राक्षांच्या हंगामाचा. ब्रिटनमधील परंपरेत तो साधारण १९३० पर्यंतच्या गाड्यांसाठी वापरतात. भारतात जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ही व्याख्या सोपी केली: पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात जपलेली गाडी म्हणजे विंटेज. तिला ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र क्रमांकमालिका मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. या व्याख्येने १९७४ ची पद्मिनीही आता विंटेज होऊ शकते.

१६/
यातील ‘मूळ रूपात’ हे शब्द पेटीच्या दृष्टीने निर्णायक आहेत. मूळ रूप कोणते, हे कोण ठरवणार? आठवण पुरत नाही, आंतरजालावरील चित्र पुरत नाही. त्या वर्षाच्या, त्या प्रकारच्या गाडीची छापील सूची आणि पुस्तिका हाच भक्कम पुरावा. साहजिकच जुन्या पुस्तिकांना बाजार आला. बाजार आला की पेटी फुटते: रंगीत माहितीपत्रक एका संग्राहकाकडे, पुस्तिका दुसऱ्याकडे, आणि मिस्त्रीची तेलकट वही, जिला गिऱ्हाईक नाही, ती रद्दीत.

१७/
पुराभिलेखशास्त्रात एक मूलभूत तत्त्व आहे: एका माणसाच्या किंवा संस्थेच्या कामातून साठलेले कागद एकत्र ठेवावेत आणि शक्य तो त्यांच्या मूळ क्रमात ठेवावेत. पेशवे दप्तरातील रुमाल सोडून त्यातील पत्रे विषयवार वाटली, तर कोणते पत्र कोणत्या पत्राचे उत्तर होते, हे कळणे अवघड होईल. तसेच इथे. पुस्तिकेच्या ४० व्या पानावर पेन्सिलीची खूण आहे आणि वहीत त्याच दुरुस्तीचे टिपण आहे. दोन्ही एकत्र असतील, तर तो एका कारागिराच्या विचाराचा पुरावा. वेगळे झाले, तर एक खरडलेले पुस्तक आणि एक मळकी वही.

१८/
जगात या कागदांना घरे आहेत. इंग्लंडमध्ये पॉलर्सपरी या खेड्यातील हंट हाउस येथे रोल्स-रॉइस प्रेमींच्या क्लबने जुन्या गाड्यांची चासी-पत्रे जपली आहेत. कोणती गाडी कोणाला विकली, सांगाडा कोणी चढवला, हे त्यांवरून कळते. गेडन येथील ब्रिटिश मोटार संग्रहालयात आणि ब्यूलीच्या राष्ट्रीय मोटार संग्रहालयात कागदांचे स्वतंत्र विभाग आहेत. अमेरिकेत डेट्रॉइटच्या सार्वजनिक ग्रंथालयात राष्ट्रीय मोटार इतिहास संग्रह आहे. यातील एक घर क्लबचे, दोन संग्रहालयांची, एक चक्क सार्वजनिक ग्रंथालयाचे. घर एकाच प्रकारचे असावे लागत नाही.

१९/
इथे एक बोचरी गोष्ट दिसते. सहाव्या निजामाने मागवलेली, सिंहासनासारख्या आसनाची रोल्स-रॉइस आज हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात पाहता येते. तशा राजेशाही गाड्यांच्या मागे लागलेल्या संशोधकाला कागद शोधायला जाण्याजोगे ठिकाण इंग्लंडच्या एका खेड्यात तरी आहे. पण धर्मापुरीच्या रस्त्याने ज्या बसमधून बाजाराला, इस्पितळाला, लग्नाला माणसे गेली, तिच्या दुरुस्तीच्या वहीसाठी असे नेमके ठिकाण सांगता येत नाही. राजाच्या गाडीला वंशावळ असते, लोकांच्या गाडीला फक्त क्रमांक असतो. इतिहासात हा पक्षपात आपोआप होतो. तो रोखायचा, तर हेतुपुरस्सर रोखावा लागतो.

२०/
मग महाराष्ट्रात पर्याय कोणते? एकेक तपासू.

शासकीय पुराभिलेखागारे मुंबई, पुणे, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणी आहेत. त्यांचे मुख्य काम शासकीय अभिलेख सांभाळणे. सरकारी कार्यालयांत कागदाचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण होते. ‘अ’ कायमचा, ‘ड’ फार तर वर्षभराचा. गॅरेजची वही या वर्णमालेत बसत नाही. तरीही निजामकाळातील वाहतुकीचे मूळ सरकारी कागद शोधणाऱ्याला इथे आणि हैदराबादच्या राज्य पुराभिलेखागारात जावेच लागेल. पेटी तिथे ठेवता आली नाही, तरी पेटीचा अर्थ तिथे उलगडू शकतो.

२१/
दुसरा पर्याय तांत्रिक संस्थांचा. पुण्यात मोटार संशोधनाची एआरएआय आहे, भोसरीला रस्ता वाहतुकीची केंद्रीय संस्था आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत आयटीआय आणि अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. यांना कागदाची भाषा कळते, हा मोठा गुण. धोका असा की तांत्रिक ग्रंथालयात जुनी आवृत्ती म्हणजे कालबाह्य आवृत्ती. नवे आले की जुने काढून टाकायचे, ही तिथली निरोगी सवय. ती सवय आपल्या पेटीचा काळ ठरू नये, यासाठी देतानाच लेखी अट हवी.

२२/
तिसरा पर्याय मोटारप्रेमींच्या क्लबांचा आणि संग्रहालयांचा. पश्चिम भारत ऑटोमोबाइल असोसिएशन मुंबईत १९१९ पासून आहे; जुन्या गाड्यांचे क्लब आहेत. महाराष्ट्राबाहेर हरियाणातील तावडूचे वाहतूक वारसा संग्रहालय, कोइम्बतूरचे जीडी मोटार संग्रहालय, अहमदाबादजवळच्या कठवाड्याचा संग्रह अशी नावे आहेत. यांची ओळख मुख्यतः गाड्यांमुळे आहे. म्हणून देणाऱ्याने एकच गोष्ट नीट विचारावी: कागद काचेमागे शोभेसाठी राहील, की टेबलावर वाचायला मिळेल?

२३/
चौथा पर्याय सर्वांत जवळचा आणि सर्वांत दुर्लक्षित: गावचे किंवा तालुक्याचे सार्वजनिक ग्रंथालय. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यान्वये मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे मोठे जाळे आहे. तिथे वातानुकूलन नसेल, पण पेटी जिथली आहे तिथेच राहील. वहीतील ‘पाटे’ म्हणजे खालच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, हे सांगणारा वृद्ध शेजारच्या गल्लीत सापडेल. कागद दूर गेला की तो सुरक्षित होतो आणि मुकाही होतो. जवळ राहिला की बोलतो, पण भिजतो. या दोहोंतून निवड करणे सोपे नाही, आणि ते सोपे असल्याचे भासवूही नये.

२४/
एक मधला मार्ग निघू शकतो. मूळ कागद सुरक्षित संस्थेत, त्यांच्या स्वच्छ डिजिटल प्रती गावच्या ग्रंथालयात आणि आणखी एका ठिकाणी. मात्र ‘स्कॅन केले, आता मूळ टाकून द्या’ हा विचार घातक. घडीच्या नकाशावरील निळी रेघ छापील आहे की शाईने नंतर ओढलेली, हे प्रतीत नेहमी कळत नाही. शिवाय तबकड्या आणि फायलींचे प्रकार मोटारींपेक्षा लवकर भंगारात जातात. फ्लॉपी वाचणारे यंत्र आज शोधून पाहावे.

२५/
कोणत्याही संस्थेला देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. एक, यादी करून पोच मिळेल का? दोन, बाहेरच्या अभ्यासकाला पाहता येईल का? तीन, संग्रह फोडणार किंवा विकणार नाही, असे लेखी मिळेल का? चार, संस्था बंद पडली, तर कागद कुठे जातील? चौथा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तोच खरा. व्यक्तीपेक्षा संस्था दीर्घायुषी असते, या विश्वासावर आपण कागद देतो. तो विश्वास कागदावरच असावा.

२६/
निर्णय होईपर्यंत पेटीची निगा कशी राखावी? सेलोटेप लावू नये. लॅमिनेशन करू नये. ते परत निघत नाही. गंजलेल्या टाचण्या हळूच काढाव्यात. तेलाचे डाग धुण्याचा उत्साह आवरावा. कोणते पान गॅरेजात सर्वाधिक उघडले गेले, हे तेच डाग सांगतात. पेटी भिंतीला आणि जमिनीला टेकवू नये. पावसाळ्यात ओल तिथूनच चढते. कसर आणि वाळवी यांसाठी महिन्यातून एकदा पाहणी, हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय.

२७/
निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघा असलेला नकाशा मिळाला, तर तो ब्लूप्रिंट. त्याला प्रकाश सोसत नाही आणि अल्कधर्मी कागदही सोसत नाही. म्हणजे इतर दस्तऐवजांसाठी जो ‘आम्लरोधक’ क्षारयुक्त कागद चांगला, तो इथे अपायकारक. पांढऱ्या-पिवळट कागदावर निळ्या किंवा जांभळट रेघा असतील, तर ती बहुधा अमोनिया प्रत. ती शेजारच्या कागदांना बाधते, म्हणून वेगळी ठेवावी. प्रत काढताना घडीचा नकाशा पूर्ण उलगडून, बाजूला मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. मोजपट्टीशिवाय तांत्रिक आकृती म्हणजे मापाशिवाय कापड.

२८/
प्रती सर्वांसाठी खुल्या करण्यापूर्वी कायदा पाहावा. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाचे नाव नसलेल्या प्रकाशनाचा हक्क साधारणतः प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. १९३० च्या दशकातील निनावी पुस्तिकेची अडचण सहसा येत नाही; १९८० च्या पद्मिनीच्या पुस्तिकेची येऊ शकते. अशा वेळी जपणे आणि प्रसारित करणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. जपायला आज सुरुवात करता येते, प्रसाराला थांबता येते.

२९/
ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती आणि २० वर्षांची मर्यादा भरली. त्या दिवसांत आठवणींचा पूर आला; निदान एक टॅक्सी जतन करावी, अशी मागणीही पुढे आली. ती रास्तच आहे. पण जतन केलेली टॅक्सी बंद दाराआड उभी राहील. ती पुन्हा सुरू व्हावी असे शंभर वर्षांनी कोणाला वाटले, तर त्याला गाडीपेक्षा आधी तिची पुस्तिका लागेल, आणि पुस्तिकेहून आधी ती पुस्तिका कोपऱ्यात ठेवून केवळ आवाजावरून दोष ओळखणाऱ्या माणसाचे शब्द.

३०/
तो माणूस अजून आहे. मराठवाड्यातील तालुक्यांच्या गावी सत्तरी-ऐंशी ओलांडलेले मिस्त्री आजही सकाळी गॅरेजच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेले दिसतात. त्यांच्या वहीला घर शोधण्याआधी त्यांच्याशेजारी बसून ती वही त्यांच्याकडून वाचून घेतली पाहिजे. प्रत्येक पानावर काय, कोणत्या गाडीचे, कोणत्या साली. ध्वनिमुद्रण करावे, त्यांची संमती घ्यावी, तारीख लिहावी. राजवाड्यांना पत्रांचे लेखक भेटले नाहीत. ते दीडशे वर्षांपूर्वी गेले होते. या दप्तराचे लेखक मात्र भेटू शकतात. मुदत थोडी आहे, एवढेच.

३१/
आणि सुरुवात यादीपासून करावी. यादीला संस्था लागत नाही, अनुदान लागत नाही. एक कोरी वही घ्यावी आणि पहिली ओळ लिहावी: अनुक्रमांक १; वस्तू, सुट्या भागांची सूची; भाषा, इंग्रजी; कव्हर नाही; पाने, मोजून; समासात पेन्सिलीने मराठी टिपणे; कोणाकडून, कोणत्या गावात, कोणत्या दिवशी मिळाली. ज्या कागदाची नोंद झाली तो हरवला, तर निदान काय हरवले हे तरी कळते.